कुंडीतील ठेव

न्यायशास्त्र जगातील यच्चयावत् गोष्टींची दोन वर्गांत वाटणी करते: एक व्यक्ती, दुसरी वस्तू. व्यक्तीला हक्क असतात. वस्तूवर हक्क असतात. ही वाटणी इतकी सोयीची आहे की तिच्याविषयी आपण सहसा विचार करीत नाही. मेज, घड्याळ, छत्री यांच्या बाबतीत विचाराचे कारणही पडत नाही. परंतु ओसरीवरच्या कुंडीत एखादे जिवंत रोप असते, ते आपल्या हातच्या पाण्यावर जगते, आपल्या दुर्लक्षाने मरते, आणि तरीही त्याचे जगणे आपण निर्माण केलेले नसते. तेव्हा ते रोप 'माझे' आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. एका विशिष्ट वनस्पतीच्या सहवासात काही वर्षे घालविल्यानंतर तो मला क्षुल्लक वाटत नाही. या पानांच्या वाचकांसही तो परका वाटू नये. कारण देवस्थानांच्या कारभाराशी ज्या घराण्यांचा पिढ्यान् पिढ्या संबंध आला, त्यांना मालक नसताना सांभाळण्याची रीत चांगली ठाऊक आहे.

त्या वनस्पतीचे नाव शिंदळ माकुडी. शास्त्रज्ञ तिला फ्रेरिया इंडिका म्हणत आले. पुढे शास्त्रीय वर्गीकरणात तिची स्थाने बदलली आणि त्याबरोबर नावेही बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई इलाख्याचे वनाधिकारी निकोलस डॅल्झेल यांनी जुन्नरच्या बाजूच्या डोंगरातून तिची शास्त्रीय नोंद केली आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. फ्रिअरसाहेब १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर होते. त्यांचा अंमल पाच वर्षांत संपला, नाव मात्र कड्यावर राहिले. मावळच्या गुराख्याने तिला दिलेले नाव अर्थातच कोणत्याही गव्हर्नराच्या आज्ञेवाचून चालत आले. नाव देणे हाही एक प्रकारचा ताबा घेणेच असते. पण ज्याला नाव दिले त्याला त्याचा पत्ता नसतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ती रुईच्या कुळातली. ज्या रुईच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, त्या रुईची ही दूरची, पण अगदी वेगळ्या स्वभावाची नातेवाईक. अंगाने मांसल, बोटाएवढ्या जाडीची, करड्या-हिरव्या रंगाची तिची खोडे खडकाच्या भेगेतून बाहेर येतात आणि कड्यावरून खाली लोंबतात. तिच्या जवळच्या बहुतेक भाईबंदांना पाने जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने फुटतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीच्या आकाराची फुले येतात. त्यांच्या कडांना बारीक केसांची झालर असते. मधमाशीचे त्यांच्याशी फारसे काम नाही. माशी येते आणि परागांची देवघेव तीच करते. थंडी सरता सरता पाने गळतात, आणि मग पुढच्या पावसापर्यंत उघड्या काड्यांचा एक जुडगा तेवढा उरतो. शिवनेरी, सज्जनगड, वज्रगड अशा मोजक्या उंच जागी ती सापडते. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर जगात ती कोठेही स्वयंभू उगवत नाही.

माझ्या ओसरीवरील रोप कड्यावरून आलेले नाही. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी आपल्या बागेत वाढविलेल्या रोपाची वीतभर छाट वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. छाट लावणे सोपे आहे. कापलेला भाग सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यावा, त्यावर कोरडी खपली धरली म्हणजे जाड वाळूत उभी करावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. खरी परीक्षा लोंढ्याच्या पावसाची. ज्यांनी आमच्या जंक्शनच्या फलाटावर कॅसलरॉकच्या दिशेने येणारी सर पाहिली आहे, त्यांना ती समजावून सांगावयास नको. येथे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत भिंतींनाही शेवाळ येते. कड्यावर पाऊस पडतो आणि क्षणात ओघळून जातो. कुंडीत तो साचतो, आणि साचलेले पाणी या वनस्पतीचे मरण आहे. म्हणून कुंडी उथळ आणि मातीची असावी, भोकावर खापरी ठेवावी, दोन भाग जाड नदीची वाळू आणि जांभ्याचे बारीक खडे, एक भाग जुना कुजलेला पालापाचोळा असे मिश्रण असावे; आणि कुंडी पागोळीपासून हातभर आत ठेवावी.

दोन-तीन वर्षांनी मिश्रण दबून जाते, पाणी मुरेनासे होते, तेव्हा कुंडी बदलावी लागते. त्याचा काळ चैत्र-वैशाख, नव्या फुटव्यापूर्वीचा. आधी पंधरा दिवस पाणी तोडावे. कुंडी आडवी करून कडेवर तळहाताने ठोकावी, म्हणजे गड्डा सुटतो; खोड धरून ओढू नये. जुनी माती बोटांनी झाडावी, काळी पडलेली मुळे स्वच्छ पात्याने काढावीत, आणि रोप तसेच उघडे, मातीवाचून, दोन-तीन दिवस सावलीत ठेवावे. त्यानंतर कोरड्या मिश्रणात बसवावे, पाणी आठवड्याने. नवीन माणसाला हे शेवटचे दोन नियम क्रूर वाटतात. लावलेल्या रोपाला लगेच पाणी घालण्याची आपली सवय पुण्यबुद्धीची असते. येथे ते पाणी ताज्या जखमांतून शिरून मूळ कुजविते. दयेलाही ज्ञान लागते. पहिल्या उन्हाळ्यात पाने झडून गेलेल्या त्या काड्या पाहून मी निराश झालो होतो, तेव्हा शेजारच्या वृद्ध मावशींनी एक काडी बोटांनी अलगद दाबून पाहिली आणि निर्वाळा दिला, "हें झाड मरूंक ना, न्हिदलां." मृगाने त्यांचे म्हणणे खरे केले.

इथवरची हकीकत बागकामाची. प्रश्न उभा राहिला तो एका पक्षकाराच्या, म्हणजे तेव्हाच्या पक्षकाराच्या आणि आताच्या मित्राच्या बोलण्यातून. त्यांचे सातारच्या बाजूला जाणे-येणे असते. रोप पाहून ते म्हणाले, "वकीलसाहेब, एवढीशी फांदी काय जपता? गडावर मी गड्डाच्या गड्डा पाहिला आहे. पुढच्या खेपेला मुळासकट आणून देतो." मी नको म्हटले. तेव्हा त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते म्हणाले, "तुमच्या या रोपाची आजी-पणजी कोणीतरी केव्हातरी कड्यावरून काढलीच असेल ना? मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? दोन पिढ्यांचा?"

प्रथम कायद्याचे पाहू. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या व्याख्येनुसार वनात सापडणारे गवत, वेल आणि शेवाळसुद्धा वनोपज ठरते. राखीव वनातून ते विनापरवाना आणणे हा अपराध आहे. आमच्या कर्नाटकाच्या १९६३ च्या वन अधिनियमाचाही रोख हाच. शिंदळ माकुडीचे नाव केंद्र सरकारने परदेशी निर्यातीस मनाई केलेल्या रानवनस्पतींच्या यादीतही घातले गेले. तेव्हा मित्राचा बेत बेकायदेशीर होता, एवढे सांगून प्रकरण मिटविता आले असते. परंतु कायदा मोडतो म्हणून कृत्य वाईट, की कृत्य वाईट म्हणून कायदा झाला, हे विचारल्यावाचून नीतीचा प्रश्न सुटत नाही. खानापूर-लोंढ्याच्या रानातून सीतेच्या वेणीची आमरे फांदीसकट ओरबाडून आणून कितीतरी सज्जन आपल्या व्हरांड्यात टांगतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. ते स्वतःस निसर्गप्रेमी म्हणवितात. पुष्कळदा दोन पावसाळ्यांत आमर मरते आणि प्रेम नव्या आमरीच्या शोधात निघते.

मित्राच्या बाजूने एक मुद्दा खरोखरच सबळ आहे. कड्यावर शेळ्या चरतात, वणवे लागतात, दरडी कोसळतात. घरोघरी हे झाड वाढले तर ते वाचेल, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे, पण अर्धे. छाटेपासून केलेले प्रत्येक रोप हे मूळ रोपाचाच विस्तार असते. एका फांदीच्या हजार फांद्या करून हजार कुंड्या भरल्या तरी जन्मलेले झाड एकच. एकाला जी कीड मारील ती हजारांना मारील. कड्यावर मात्र माशी एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेते, शेंगा तडकतात, बीज आपल्या रेशमी पिसाऱ्यावर वाऱ्याबरोबर जाऊन दुसऱ्या भेगेत रुजते, आणि प्रत्येक बीजातून थोडा निराळा जीव निघतो. जात टिकते ती या निराळेपणावर. म्हणून कड्यावरचा एक गड्डा उपटून आणणारा मनुष्य झाड वाचवीत नाही. तो एक संपूर्ण घराणे मोडून त्यातला एक इसम आपल्या घरी बसवितो.

मग एखाद्या जिवंत गोष्टीला तिच्या जागेवरून हलविणे केव्हाही न्याय्य नाही काय? येथे आपल्याच इतिहासाची मला आठवण झाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपार प्रियोळास नेला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची म्हाळसा आजच्या म्हार्दोळास आली. स्थानावरून देव हलविणे ही शास्त्राने आणि लोकांनीही सामान्यतः न मानलेली गोष्ट. तरीही त्या महाजनांना कोणी दोष दिला नाही. का? मला तीन कारणे दिसतात. पहिले, हलविणे हे ज्याला हलविले त्याच्या रक्षणासाठी होते, हलविणाऱ्याच्या हौसेसाठी नव्हे. दुसरे, मूर्ती एकटी गेली नाही. तिच्यामागून पूजाअर्चा, सेवेकरी, उत्सव, म्हणजे जिच्यात ती देवता नांदत होती ती सारी माती बरोबर गेली. तिसरे, मूळ स्थान विसरले गेले नाही. म्हाळसेच्या मूळ स्थानाला वेर्ण्यात आजही जुने म्हार्दोळ म्हणतात, आणि अलीकडच्या काळात त्या जागी पुन्हा देऊळ उभे राहिले. परतीची वाट मनात उघडी होती, म्हणूनच हे घडले.

याला जोडून एका खटल्याची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची पूजा पाळीपाळीने चाले. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेण्याचा हक्क आहे, असे एकाचे म्हणणे पडले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२५ मध्ये निकाल झाला की, हिंदू मूर्ती ही केवळ जंगम वस्तू नव्हे. ती कोठे राहील याविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा वादमित्र तिच्या वतीने नेमला पाहिजे. मूर्तीला पाळीकऱ्याच्या सोयीने येथून तेथे नेता येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. अमेरिकेत ख्रिस्तोफर स्टोन या विधिपंडिताने १९७२ मध्ये झाडांना न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार का असू नये, असा प्रश्न केला तेव्हा तेथे तो मोठा धाडसी विचार मानला गेला. न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तित्व दिले. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना तसेच मानले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणारा निःस्वार्थी मनुष्य नेमावा, ही कल्पना आपल्या न्यायालयांना मात्र त्यापूर्वीच अर्धशतक परिचित होती.

झाड म्हणजे देव नव्हे, हे मी जाणतो. आणि उपमेने सिद्धांत होत नाही, हेही. तथापि आपल्या परंपरेने या दोहोंमध्ये फार उंच भिंत कधी घातली नाही. वनस्पती आतल्या आत जाणतात, त्यांना सुखदुःख आहे, असे स्मृतिकार मानतात. मूर्तीसाठी लाकूड आणावयाचे तर आधी झाडाची पूजा करावी आणि त्यावर राहणाऱ्यांना अन्यत्र जाण्याची विनंती करावी, असा विधी वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगितला आहे. देवराईतून वाळके लाकूडही न उचलण्याचा दंडक सह्याद्रीच्या खेड्यांनी शतकानुशतके पाळला. या साऱ्यांत एकच गोष्ट समान आहे: घेण्यापूर्वी थांबणे. घेऊच नये असे ते म्हणत नाहीत. घेणाऱ्याने आपण कोणाचे घेतो आहोत हे स्वतःस विचारावे, एवढेच म्हणतात.

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या रोपाची पूर्वज कोणीतरी कड्यावरून काढलीच असेल, हे मला कबूल केले पाहिजे. काळ लोटला म्हणून ते काढणे धुऊन निघाले, असे मला म्हणता येईल काय? मालमत्तेच्या कायद्यात काळाला असे सामर्थ्य आहे. बारा वर्षे उघड, अखंड आणि मालकाविरुद्ध ताबा चालला तर पुष्कळदा मूळ मालकाचा हक्कच बुडतो. पण त्याच कायद्यात, मुदतीच्या १९६३ च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमात, एक अपवाद आहे. ज्याच्याकडे मालमत्ता विश्वस्त म्हणून आली, त्याच्याविरुद्ध ती परत मिळविण्याच्या दाव्याला मुदत नाही. विश्वस्ताने शंभर वर्षे ताबा ठेवला तरी तो मालक होत नाही. देवस्थानांच्या मिळकतींनाही हे लागू आहे, आणि किती देवस्थानांच्या जमिनी त्या एका कलमाच्या आधाराने वाचल्या असतील, हे कोर्टाची पायरी चढलेल्या वाचकांस ठाऊक असेल.

माझे उत्तर या कलमात आहे. मित्रामध्ये आणि माझ्यामध्ये फरक दोन पिढ्यांचा नाही. तो नात्याचा आहे, आणि तोही मी ते नाते पाळीन तोवरच. रोप आपले आहे असे मी म्हणू लागलो, तर आमच्यात खरोखरच फरक उरत नाही. उलट तो बिचारा निदान उघड विचारून आणू पाहत होता. ते माझ्याकडे ठेव आहे असे मी मानले, तर मात्र माझ्यावर काही बंधने येतात. विश्वस्ताने ठेवीतून स्वतःचा नफा करू नये, असा १८८२ च्या न्यास अधिनियमाचा दंडक आहे. तेव्हा छाट विकता कामा नये. ठेवीचा हिशेब ठेवला पाहिजे. तेव्हा हे रोप कोणाकडून, केव्हा, कोणत्या मूळ स्थानाचे म्हणून आले, हे कुंडीवरच्या पट्टीवर लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर उद्या कोणा अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही. ठेव सांभाळण्यास हयगय चालत नाही; तेव्हा कुंडी बदलण्याचा चैत्र चुकविता येत नाही, मग कोर्टात कितीही तारखा असोत. आणि सर्वांत मोठे बंधन हे की मागणाऱ्याला ठेव परत द्यावी लागते. महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी छाटांपासून आणि प्रयोगशाळेत ऊतींपासून ही वनस्पती वाढवून सह्याद्रीच्या कड्यांवर पुन्हा लावण्याचे प्रयत्न केले आहेत. तसे कोणी मागावयास आले तर देता येईल असे रोप तयार असणे, हेच कुंडीचे समर्थन आहे. प्रियोळ-कवळ्यास गेलेल्या महाजनांनी देव सांभाळला; त्यांनी तो मिळविला नव्हता.

हे सारे एका रोपाविषयी फार झाले, असे कोणी म्हणेल. पण जरा पाहिले तर आपल्यापाशी असलेल्या बहुतेक मोलाच्या गोष्टी याच वर्गातल्या निघतात. आईबापांनी दिलेली भाषा, घरात चालत आलेला कुळाचार, एखाद्या आजीला अजून येत असलेली ओवी, विहिरीचे पाणी; यांपैकी कशाचेही खरेदीखत आपल्यापाशी नाही. ती आपल्या हातून निसटली तर नुकसान आपले एकट्याचे होत नाही, आणि केवळ जवळ ठेवल्याने ती जिवंतही राहत नाहीत. त्यांचीही माती दबते, त्यांनाही वेळच्या वेळी मोकळे करून, कुजलेले तेवढे काढून, नव्या मिश्रणात बसवावे लागते. आणि तसे करताना मूळ तुटणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

मित्राने मुळासकट गड्डा आणला नाही. त्याऐवजी गेल्या वर्षी कुंडी बदलताना निघालेली एक छाट मी त्यांना दिली, पट्टीसह, पैसे न घेता, आणि एक अट घालून: पुढे कोणी मागितली तर त्यांनीही ती अशीच द्यावी. अट त्यांनी मान्य केली. यंदाच्या मृगात त्यांच्या काडीला पहिली दोन पाने फुटल्याचे त्यांनी कळविले आहे.